चांदोबा खरा की खोटा? बालशिक्षणातल्या एका जुन्या प्रश्नाचा मागोवा

१८४४ साली जर्मनीत आयांसाठी लिहिलेले एक पुस्तक प्रसिद्ध झाले. लेखक फ्रीडरिश फ्रोबेल, म्हणजे चारच वर्षांपूर्वी 'किंडरगार्टन' हे नाव आणि ती कल्पना जगाला देणारा माणूस. लहानग्याला मांडीवर घेऊन म्हणायची गाणी, बोटांचे खेळ, प्रत्येक खेळाला एक चित्र आणि आयांसाठी थोडे विवेचन अशी त्या पुस्तकाची मांडणी आहे. त्यात चंद्राकडे हात पसरणाऱ्या मुलाचेही एक पान आहे. तिथे फ्रोबेल आईला बजावतो, की चंद्र म्हणजे एक माणूस, तारे म्हणजे सोन्याच्या टाचण्या किंवा पेटवलेले दिवे, असले काही मुलाला सांगत जाऊ नका. चंद्र हा आकाशात तरंगणारा एक सुंदर, उजळ गोळा आहे, एवढेच सांगा.

खेळाला शिक्षणाचा दर्जा मिळवून देणारा हा माणूस चंद्रापाशी येऊन एकदम हात आखडता का घेतो, असे मला ते पान वाचताना वाटले. फ्रोबेल रुक्ष नव्हता. मुलाला उजेडाची जी ओढ असते ती त्याला पवित्र वाटे. आज दिलेली समजूत उद्या मोडावी लागू नये, एवढीच त्याची काळजी होती. ती काळजी खोटी नव्हे. पण त्या एका पानातून जो प्रश्न उभा राहिला तो पुढची पावणेदोनशे वर्षे बालशिक्षणाच्या मागे लागलेला आहे. तीन ते सहा वर्षांच्या मुलाला चंद्राविषयी काय सांगायचे? गोष्ट की खरे?

या प्रश्नाकडे मी आडवाटेने आलो. पदवीने मी वाणिज्य शाखेचा. इतिहास शिकलो तो वाचनालयांत, देवळांच्या आवारांत आणि शेताच्या बांधावर पडलेले दगड उताणे करता करता. गेली पंधरा-वीस वर्षे वीरगळ आणि गधेगळ यांच्या नोंदी ठेवतो. त्या दगडांच्या माथ्यावर सूर्य आणि चंद्र शेजारी शेजारी कोरलेले असतात. लहान मुलांच्या चित्रांशी त्यांचा काय संबंध, ते पुढे येईलच.

फ्रोबेलनंतर या प्रश्नावर सर्वांत ठाम बोलल्या त्या मारिया माँटेसरी. १९०७च्या जानेवारीत रोमच्या सान लोरेन्झो या गरीब वस्तीत त्यांनी पहिले बालगृह उघडले आणि नऊ वर्षांनी, १९१६मध्ये, पद्धतीचा विस्तार सांगणारा मोठा ग्रंथ लिहिला. त्यात कल्पनाशक्तीवर स्वतंत्र प्रकरण आहे. काठीचा घोडा करून दौडणारे मूल पाहून आपण त्याच्या कल्पकतेचे कौतुक करतो. माँटेसरींना त्यात न भागलेली इच्छा दिसते. ज्याच्याकडे खरे तट्टू आहे ते मूल काठीवर कशाला बसेल? परीकथांबद्दल त्या आणखी कडक आहेत. त्यांच्या म्हणण्याचा आशय असा, की गोष्ट सांगताना कल्पना करतो तो मोठा माणूस; मूल फक्त विश्वास ठेवते. त्याच्या भाबडेपणाची आपल्याला गंमत वाटते आणि त्या गमतीला आपण बालकाची कल्पनाशक्ती असे गोंडस नाव देतो.

हे वाचून रागावणे सोपे आहे. पण वस्तीतल्या उपाशी, कुपोषित मुलांबरोबर काम करणाऱ्या एका डॉक्टर बाईचे हे बोलणे आहे. अशा मुलाला खोटी भाकरी दाखवून भुलवू नये, असे तिला वाटले तर त्यात नवल नाही. चित्रकलेतही त्यांचा कल आधी हात आणि डोळा तयार करण्याकडे होता. धातूच्या साच्यांभोवती पेन्सिल फिरवायची, आतली जागा रेघांनी भरायची, त्यातून हात बसवायचा. मोकळ्या चित्राचे त्यांना फारसे कौतुक नव्हते.

आता आपल्याकडे. भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत १९२० साली गिजुभाई बधेका यांनी बालमंदिर सुरू केले. हा माणूस मुळात वकील. शिक्षणशास्त्र ते स्वतःच्या मुलाच्या निमित्ताने आणि पुस्तकांतून शिकले. (माझ्यासारख्याला त्यांच्याबद्दल जरा जास्तच आपुलकी वाटते, त्याचे हेही एक कारण असावे.) गिजुभाई माँटेसरींचे निष्ठावंत अनुयायी होते. बालमंदिरात साधने माँटेसरींची, शिस्त माँटेसरींची. पण गोष्टीच्या बाबतीत त्यांनी गुरूचे ऐकले नाही. १९२५च्या सुमारास त्यांनी गोष्ट सांगण्याच्या शास्त्रावर सबंध ग्रंथच लिहिला. गोष्ट निवडायची कशी, कोणत्या वयाला कोणती, क्रम कसा लावायचा, आवाज कसा ठेवायचा, असा सगळा तपशील त्यात आहे.

त्यांचे 'दिवास्वप्न' अनेकांनी वाचलेले असेल. त्यातला शिक्षक पहिल्या दिवशी चौथीच्या वर्गात जातो आणि माँटेसरी पद्धतीतला शांततेचा खेळ घेऊ पाहतो. दारे-खिडक्या बंद होतात आणि पोरे मांजराचे आवाज काढू लागतात, गोंधळ घालतात. खेळ साफ फसतो. दुसऱ्या दिवशी तो गोष्ट सांगायला सुरुवात करतो. वर्ग चिडीचूप. मला हा प्रसंग विनोदापुरता वाटत नाही. गिजुभाईंनी गुरूवर टीका केली नाही. गुरूचा खेळ फसला आणि आजीची गोष्ट चालली, एवढे फक्त लिहून ठेवले.

ताराबाई मोडक या काळात त्यांच्याबरोबर काम करत होत्या. १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला. पुढे ताराबाई मुंबईत आल्या, १९३६मध्ये दादरला शिशुविहार सुरू झाले, मराठी 'शिक्षणपत्रिका' त्यांनी चालवली. १९४५ साली त्या बोर्डीला गेल्या. अनुताई वाघ तिथेच त्यांना येऊन मिळाल्या. १९५७मध्ये काम कोसबाडच्या टेकडीवर हलले. बोर्डी-कोसबाडला जे झाले ते मराठी माणसाला ठाऊक आहे, निदान असायला हवे. विलायती साधने परवडत नव्हती म्हणून शंखशिंपले, बिया, पाने, गोटे हीच साधने झाली. मुले शाळेत येत नव्हती म्हणून शाळा मुलांच्या अंगणात गेली. ती अंगणवाडी. गुरे राखणारी मुले अंगणातही सापडत नव्हती म्हणून शाळा कुरणात गेली. ती कुरणशाळा. १९७५ साली केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास योजना आणली तेव्हा देशभरच्या केंद्रांना अंगणवाडी हेच नाव मिळाले.

अंगण हा शब्द मला इथे महत्त्वाचा वाटतो. चंद्र दिसतो तो अंगणातून. मराठी मुलाची चंद्राशी ओळख फ्रोबेलच्या आधीपासून तिथेच होत आली आहे आणि ती करून देणाऱ्या बाईने एकही ग्रंथ वाचलेला नव्हता. माझी पिढी जन्मली तोवर माणूस चंद्रावर जाऊन, माती घेऊन परतला होता. तरी आम्हांला भरवले ते काऊ-चिऊच्या घासांबरोबर चांदोबा दाखवूनच.

त्या भरवण्यातले बडबडगीत आठवून पाहा. चांदोबा दमला का, झाडामागे लपला का, असे विचारत ते सुरू होते. फ्रोबेलचा आक्षेप चंद्राविषयी खोटे विधान करण्याला होता. इथे पहिल्या दोन ओळींत विधान नाहीच, प्रश्न आहेत. आणि प्रश्नामागचे निरीक्षण अचूक आहे. अंगणात तासभर बसले तर चंद्र खरोखरच झाडामागे जातो. पुढे मामाचा वाडा येतो, तूप येते, तुपात माशी पडते आणि चांदोबा उपाशी राहतो. इथे मूल हसते. का हसते? त्याच्या तोंडात घास आहे आणि आकाशातल्या त्या बड्या मामाची मात्र फजिती झाली आहे, म्हणून. जे मूल चंद्र खरोखर जेवायला येणार असे धरून बसले असेल ते हसणार नाही, रडेल. मी आजवर एकही रडलेले पाहिले नाही.

यापुढे एक पाऊल टाकून मला असे म्हणायचे आहे, की माँटेसरींनी ज्या भाबडेपणावर बोट ठेवले तो आपल्या जुन्या चंद्रकथांनी फार आधी ओळखला होता आणि तो मुलाच्या नव्हे, गोष्टीतल्या पात्राच्या पदरात टाकला होता. पंचतंत्रातली हत्ती आणि सशांची गोष्ट घ्या. दुष्काळ पडतो, हत्तींचा कळप पाणी शोधत तळ्यावर येतो, काठावरची सशांची बिळे आणि ससे तुडवले जातात. मग एक ससा उंचावर उभा राहून हत्तींच्या राजाला सांगतो, मी चंद्राचा दूत. हे तळे चंद्राचे. तो तुमच्यावर रागावला आहे. रात्री तो हत्तीला काठावर नेतो. पाण्यात चंद्र थरथरत असतो. बघा, रागाने कसा कापतोय! हत्ती सोंड लांबवतो, पाणी हलते, एका चंद्राचे शेकडो तुकडे होतात. आता तर आणखी चिडला! हत्ती नमस्कार करून कळपासह निघून जातो.

यात फसतो कोण? हत्ती. मूल कुणाच्या बाजूला उभे असते? सशाच्या. पाण्यातला चंद्र हा चंद्र नव्हे, हे ज्याला ठाऊक आहे त्यालाच ही गोष्ट कळते. आधी प्रतिबिंबाचे ज्ञान, मग गोष्टीची मजा. चंद्राचा हट्ट धरणाऱ्या छोट्या रामाची गोष्टही तशीच. सांगणाऱ्यागणिक आरसा आणणारे माणूस बदलते, पण आरशातला चंद्र पाहून राम गप्प होतो हे बदलत नाही. ऐकणारे चार वर्षांचे मूल मात्र आईकडे बघून हसते. रामाला कळले नाही, त्याला कळलेले असते.

मी हे माझ्याच डोक्यातून काढले अशी माझी समजूत होती. नंतर कोर्नेई चुकोव्स्की यांचे 'दोन ते पाच' हे पुस्तक हाती लागले. रशियात १९२०च्या दशकात परीकथांविरुद्ध मोठी मोहीम चालली होती. कामगारांच्या मुलांना वास्तव द्या, बोलणारे प्राणी नकोत, असे म्हणणाऱ्यांत लेनिनच्या पत्नी क्रुप्स्काया यांच्यासारखी माणसे होती. १९२८ साली त्यांनी चुकोव्स्कींच्या मगरीच्या कवितेवर थेट 'प्रावदा'त टीका केली. १९२९मध्ये क्रिमियातल्या आलुप्का इथल्या आरोग्यधामात चुकोव्स्की अंथरुणाला खिळलेल्या मुलांना गप्पिष्ट म्युंकहाउझेनच्या थापा वाचून दाखवत होते. मुले हसत होती. तिथल्या एका बाईंनी पुस्तकावर आक्षेप घेतला. चुकोव्स्कींचे उत्तर असे, की थाप ऐकून हसण्यासाठी मुलाला खरे काय ते आधी पक्के माहीत असावे लागते. उलटेसुलटे ऐकून मूल सुलट्याचीच उजळणी करते. या वादाच्या वेळी त्यांची स्वतःची मुलगी क्षयाने आजारी होती आणि दोन वर्षांनी ती गेली, हे कळल्यावर त्या पानांकडे नुसता वाद म्हणून पाहणे मला जमले नाही.

हे झाले गोष्टीचे. चित्राचे प्रकरण वेगळे आहे, कारण तिथे मूल ऐकत नाही, सांगते.

२३ ऑगस्ट २०२३च्या संध्याकाळी चांद्रयान-३ चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळच्या भागात उतरले. पुढच्या महिन्याभरात शाळाशाळांतून चंद्र या विषयावर चित्रस्पर्धा झाल्या. अशाच एका स्पर्धेला मला परीक्षक म्हणून बोलावले होते. बालवर्गाची पन्नासएक चित्रे होती. सोबतच्या परीक्षकांनी पहिल्याच फेरीत निम्मी बाजूला काढली. निकष त्यांनी सांगितले: चंद्राला डोळे-तोंड काढलेले बाद, सूर्य आणि चंद्र एकाच कागदावर काढलेले बाद, कारण दोघे एका वेळी नसतात. उरलेली चित्रे बहुतेक एकसारखी होती. राखाडी गोळा, त्यावर खड्डे, तिरंगा, चार पायांचे यान. त्यांतली बरीच मोबाइलवरून पाहून आणि मोठ्यांच्या हाताने पूर्ण झालेली दिसत होती. निकालाच्या कागदावर मी सही केली नाही. वाद मात्र घातला आणि तो इथेही घालतो.

सूर्य आणि चंद्र एकाच वेळी आकाशात नसतात हे विधान मुळातच चूक आहे. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपासचे काही दिवस सोडले तर महिन्यातले बरेच दिवस ते दोघे एकत्र दिसतात. शुद्ध अष्टमीच्या आसपास दुपारी पूर्वेकडे, वद्य अष्टमीच्या आसपास सकाळी पश्चिमेकडे. मुलाने कदाचित पाहिले असेल आणि आपण पाहिले नसेल.

आणि पाहिले नसले तरी काय झाले? ज्यां ज्यां दगडांपुढे मी उन्हात बसलो आहे त्यांवर दोघे शेजारीच आहेत. वीरगळावर खाली लढाई, मध्ये वीराला नेणाऱ्या अप्सरा, वर शिवलिंगाची पूजा आणि अगदी माथ्यावर चंद्रसूर्य. शिलाहारांच्या गधेगळांवर दानाचा लेख आणि वर पुन्हा चंद्र, सूर्य, कलश. अर्थ उघड आहे: यावच्चंद्रदिवाकरौ, चंद्रसूर्य असेतोवर. त्या पाथरवटाला आकाशाचे छायाचित्र काढायचे नव्हते. कायम हा शब्द कोरायचा होता. सूर्याशेजारी येतो तेव्हा दगडावरचा चंद्र बहुधा कोर असतो, पूर्ण गोल नसतो. दोन वाटोळ्यांत कोणते कोण हे कळावे म्हणून. बालवर्गातली मुलेही नेमके हेच करतात. एकटा चंद्र असेल तर कधी गोल, कधी कोर. सूर्य सोबत असेल तर कोर.

ज्या टेकडीवर ताराबाई-अनुताईंनी काम केले तिच्या भोवतालच्या वारली पाड्यांत लग्नाच्या वेळी सवाशिणी घराच्या भिंतीवर चौक लिहितात. (काढतात म्हणत नाहीत, लिहितात म्हणतात.) गेरूने सारवलेली भिंत, तांदळाचे पीठ पाण्यात कालवलेले, बांबूची चावून कुंचल्यासारखी केलेली काडी. चौकटीच्या मध्यभागी पालघट देवी आणि वरच्या बाजूला सूर्य आणि चंद्र. १९७०च्या दशकात भास्कर कुलकर्णी यांच्या प्रयत्नांमुळे ही चित्रे भिंतीवरून कागदावर आणि जिव्या सोमा म्हसे यांच्या हातून जगभर गेली. त्या चित्रांतल्या चंद्रसूर्याच्या जोडीला कुणी चूक म्हणाल्याचे मी ऐकलेले नाही. पाच वर्षांच्या पोराच्या कागदावर मात्र लाल फुली पडते.

मुलांच्या चित्रांचा अभ्यास करणारे फ्रेंच अभ्यासक ल्युके यांनी १९२७ सालीच सांगून ठेवले, की मूल डोळ्यांना दिसते ते काढत नाही, मनाला ठाऊक असते ते काढते. पोटातले बाळ, घराच्या भिंतीआडची माणसे, जमिनीतला बटाटा सगळे कागदावर दिसते. चंद्राला तोंड काढणारे मूल चंद्राला तोंड आहे असा दावा करत नसते. हा आपल्यातला आहे, असे ते सांगत असते.

वाद घालून आल्यावर हे पडताळून पाहावे असे वाटले. ओळखीच्या एका बाईंची बालवाडी आहे, वीस-बावीस मुलांची. बालवाडीची एक गंमतशीर अडचण अशी, की चंद्राची गाणी तिथे रोज होतात, पण शाळेच्या वेळात चंद्र नसतो, असे सगळ्यांनी गृहीत धरलेले असते. म्हणून मी वद्य सप्तमीचा दिवस निवडला. सकाळी साडेआठला मुलांना पटांगणात नेले आणि काहीही न सांगता म्हटले, आकाशात काय काय आहे बघा. कावळा, विमानाची रेघ, वायर, ढग. मग एका मुलीने पश्चिमेला बोट केले. ढगाच्या तुकड्यासारखा पांढुरका, अर्ध्याहून थोडा मोठा चंद्र. बाईंनीही वर पाहिले आणि म्हणाल्या, "अगं बाई! हा आत्ता इथं काय करतोय?" त्यांचा तो उद्गार कुठल्याही पाठापेक्षा मोलाचा होता, कारण तो खरा होता. मुलांनी तोच प्रश्न उचलला. उत्तरे पटापट आली. घरी जायला उशीर झाला. बस चुकली. रात्रपाळीहून परत येतोय. (या मुलाचे वडील कारखान्यात आहेत.) पांढरा पडलाय कारण झोप झाली नाही.

यात फ्रोबेलने नको म्हटलेले सगळे होते. चंद्राचा माणूस झाला होता. पण ते मुलांनी केले होते, आम्ही सांगितले नव्हते. आणि प्रत्येक उत्तराच्या पोटात एक निरीक्षण होते. चंद्र फिका आहे, चंद्र रात्रीचा असतो, आता त्याने इथे असायला नको. माँटेसरींचा प्रश्न, कल्पना कोण करतो, मोठा की मूल, तो त्या पटांगणात निकालात निघाला असे मला वाटते. मोठ्याने फक्त योग्य तिथी शोधायची असते.

मग आत येऊन मी हत्ती-सशाची गोष्ट सांगितली आणि बाईंनी तपकिरी कागद, तांदळाच्या पिठाचे पाणी आणि कापूस गुंडाळलेल्या काड्या दिल्या. कसे काढा हे कुणी सांगितले नाही. एका मुलीने कागदभर ठिपके काढले; ते सोंड लागल्यावर फुटलेला चंद्र होता. एकाने तळे काढले आणि त्यात चंद्र, वर आकाश मात्र रिकामे. "वरचा कुठे आहे?" विचारले तर म्हणाला, "तो माझ्या मागं आहे. मी तळ्याकडं तोंड करून बसलोय ना." मला त्यावर बोलायला काही सुचले नाही. आणखी एकाने चंद्राला पाय काढले होते, चाके असलेले. तो पप्पांच्या गाडीमागे येतो म्हणून.

हे शेवटचे उत्तर ओळखीचे आहे. जाँ पियाजे या स्विस मानसशास्त्रज्ञाने १९२६च्या ग्रंथात, म्हणजे आपल्याकडे नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला त्याच वर्षी, युरोपातल्या मुलांची अशी कितीतरी उत्तरे नोंदवली आहेत. मी चालतो तेव्हा चंद्र चालतो, मी थांबलो की थांबतो. साधारण सात-आठ वर्षांपर्यंत ही समजूत टिकते, असे त्याने म्हटले आहे. मी त्या मुलाला विचारले, "तू पप्पांबरोबर इकडे गेलास आणि ही तिच्या आईबरोबर तिकडे गेली, तर चंद्र कुणाच्या मागे येईल?" तो थांबला. बराच वेळ गप्प. मग म्हणाला, "तिच्या मागं पण येतो का?" तिने मान हलवली. "मग तो मागं येत नसेल," तो म्हणाला, आणि लगेच, "का दोन असतील?" चाके त्याने पुसली नाहीत. मीही पुसायला सांगितले नाही. 'चंद्र लांब असतो म्हणून तसे वाटते' हे वाक्य माझ्या जिभेवर आले होते, ते गिळले. त्याला आता एक प्रश्न मिळाला होता आणि तो त्याला त्या रात्री गाडीवर बसून स्वतः तपासता येणार होता.

या मुलांना चांद्रयान ठाऊक होते, हेही सांगायला हवे. चंद्रावर दगड आहेत, माती आहे, पाणी प्यायला नाही, हे त्यांनी मला ऐकवले. त्याच दमात तोच चांदोबा रात्रपाळीवर गेला. यात त्यांना काही विसंगत वाटले नाही. विसंगती वाटते ती आपल्याला, आणि मग आपण दोहोंतले एक पुसायला निघतो. काही पालक गोष्टी पुसतात. मूल मागे पडेल ही भीती त्यांना असते. काही जण संस्कृतीच्या नावाने उलट टोक धरतात आणि गोष्टच विज्ञान असल्याचे मुलाला पटवू लागतात. हे दुसरे मला जास्त घातक वाटते. हत्तीच्या जागी मुलाला बसवणे ते हेच.

चांदोबा मामाच का, काका का नाही, असे त्या बालवाडीतल्या एका मुलीने विचारले होते. समुद्रमंथनातून लक्ष्मी आणि चंद्र दोघे निघाले, म्हणून तो लक्ष्मीचा भाऊ, असे उत्तर पुस्तकांत सापडते. मला घरगुती उत्तर जवळचे वाटते. ज्या बाईला भाऊ नाही ती आपल्याकडे भाऊबीजेला चंद्राला ओवाळते. आईचा भाऊ, म्हणून मुलांचा मामा. माझ्या आईला भाऊ नव्हता. हा अंक तुमच्या हाती येईल तो अमावास्येच्या आगेमागे, आकाशात चंद्र नसताना. भाऊबीजेच्या संध्याकाळी सूर्य मावळला की पश्चिमेला, क्षितिजाच्या जरा वर, बारीक कोर दिसते. तिची फुगीर बाजू मावळलेल्या सूर्याकडे असते. मुलांना कागद दिलात तर ती कुठल्या बाजूला फुगवतात ते बघण्यासारखे आहे. कोर तासाभरातच मावळते, तेव्हा निरांजन आधीच लावून ठेवावे लागते.